वीस नंबरवर कोण राहतं?

१

कागद सापडला धोंडाबाईला, वाचला अमोलनं आणि मान खाली गेली कुसाबाईची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. पिंपळगाव बसवंतला हायवेच्या कडेला रंगनाथशेठ विधात्यांचा बेदाण्याचा कारखाना. दिवाळी तोंडावर आलेली, म्हणजे तिथं कुणाला डोकं खाजवायला फुरसत नाही. लांबलचक हॉलमध्ये पट्ट्यावरून बेदाणा सरकतोय, दोन्ही बाजूंनी बायका काड्या वेचतायत आणि कोपऱ्यात खोक्यांना लावायच्या स्लिपांचा प्रिंटर आहे. स्लिपा उचलायच्या आणि सुपरवायझरच्या हातात द्यायच्या, हे काम धोंडाबाईचं. तिला अक्षरओळख नाही, आणि या कामाला ती लागतही नाही. त्या सकाळी प्रिंटरमधून मोठा कागद निघाला, तोही तिनं नेहमीसारखा नेऊन अमोलला दिला.

अमोलनं तो आधी मनात वाचला. मग पट्टा बंद केला आणि भरल्या हॉलमध्ये, लग्नपत्रिका वाचावी तसा हेल काढून, मोठ्यानं वाचला. 'मी कुसाबाई लिहून देते, की सुपरवायझर अमोल मला खोकी मोजायच्या निमित्तानं कोल्ड रूममध्ये एकटीला बोलावतात, दार लोटून घेतात आणि हात धरतात. मी नको म्हटलं तर कामावरून काढीन म्हणतात.' कुणी तोंडाला पदर लावला, कुणी फिदीफिदी हसलं. कुसाबाई हातातला बेदाणा पट्ट्यावर टाकून उठली.

आभा गायधनी धावत आली, तेव्हा कुसाबाई डबा काखेत मारून फाटकाकडे चालली होती. आभा म्हणजे कारखान्याचं ऑफिस सांभाळणारी, रोज नाशिकहून गाडी चालवत येणारी, आणि महिला तक्रार समितीची अध्यक्ष. ही तक्रार तिनंच चार दिवसांपूर्वी केबिनचं दार लावून लिहून घेतली होती. "हा कागद तुमच्या-माझ्यात राहील, माझा शब्द आहे," असं म्हणाली होती. कुसाबाईनं जाताना तिच्याकडे एकदा पाहिलं, बोलली काहीच नाही. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आभाला वाटलं.

लाजेनं तिचे कान तापले. आणि लाज वाटली की माणूस आधी काय करतं, तर ती टाकायला दुसऱ्या कुणाचं डोकं सापडतंय का ते बघतं. आभाला सापडली सृष्टी.

सृष्टी निरगुडे ही ऑफिसातली टायपिस्ट. हिशेब अगदी सरळ होता. आभानं तो कागद सकाळी आपल्याच कॉम्प्युटरवरून, आपल्याच केबिनमधल्या प्रिंटरवर छापायला सोडला. तेवढ्यात शेठनी ट्रकपाशी हाक मारली. परत आली तो ट्रे रिकामा, आणि हॉलमध्ये बोंबाबोंब. मधल्या वेळात केबिनमध्ये गेलेली एकटी सृष्टी. हातात कागद घेऊन केबिनमधून हॉलकडे जाताना तिला अर्ध्या बायकांनी पाहिलेलं.

"तुला लाज नाही वाटली?" आभानं सगळ्यांसमोर विचारलं.

"मॅडम, मी स्लिपा द्यायला गेले होते."

"स्लिपा? स्लिपा हॉलमध्ये निघतात. माझ्या केबिनमध्ये नाही. खोटं बोलायचं तर नीट तरी बोल!"

आता मात्र हॉल मोकळेपणानं हसला. सृष्टीचा चेहरा पांढराफटक पडला. ती पर्स घ्यायलाही आत गेली नाही, तशीच घरी निघून गेली.

२

"पोरीला काढून टाका आणि विषय मिटवा," रंगनाथशेठ म्हणाले. "दिवाळीचा माल थांबलाय, गायधनी मॅडम. सोमवारी तिच्या जागी दुसरी आणू."

पिंपळगावात कारखान्यातून काढून टाकलेली पोरगी म्हणजे चोरीच केलेली, अशी गावाची समजूत. एकदा बोभाटा झाला की तिला दारात कोण उभं करणार? हे आभाला कळत होतं. म्हणून तिला पुरावा हवा होता. हे झालं सांगायचं कारण. आतलं कारण असं, की कुसाबाईला दिलेला शब्द आपण मोडला नाही, सृष्टीनं मोडला, हे तिला कुणा जाणत्याच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. ते ऐकल्याशिवाय तिला झोप लागणार नव्हती.

जाणतं माणूस म्हणून दुसऱ्या दिवशी नाशिकहून इरा आली. कुठल्या यंत्रानं कुठल्या यंत्राला काय सांगितलं, हे उकरून काढणं हा तिचा धंदा. तिशीची, तोंडानं फटकळ, आल्या आल्या पट्ट्यावरचे चार बेदाणे तोंडात टाकणारी.

तिनं आभाच्या कॉम्प्युटरवरून एक कागद छापला. तो केबिनमध्ये निघाला. हॉलच्या कॉम्प्युटरवरून एक स्लिप छापली. ती हॉलमध्ये निघाली.

"बघा, सगळं बरोबर चालतंय," आभा म्हणाली. तिच्या आवाजात जरा घाई होती.

"आज चालतंय. मला तो कागद उचलणाऱ्या बाईंशी बोलायचंय."

"धोंडाबाई? तिला वाचता येत नाही हो."

"मी कुठं वाचून दाखवा म्हणतेय!"

धोंडाबाई पदराला हात पुसत आली. आपल्या हातून काहीतरी पाप झालंय, या समजुतीनं ती बिचारी आधीच अर्धमेली झालेली.

"मावशी, कागद कुठं होता?"

"त्या मशीनीच्या तोंडात. म्या मुद्दाम नाय घेतला वं ताई. रोजच्यावानी घेतला."

"हाताला कसा लागला? गार?"

धोंडाबाईनं जरा आठवलं. "नाय, कोमट व्हता. तव्यावरून उतरवून ठेवलेल्या भाकरीवानी."

इरानं आभाकडे पाहिलं. केबिन आणि हॉल यांच्यामध्ये ट्रक वळवायचं मोकळं पटांगण होतं, आणि त्या पटांगणात वारा कायम मोकाट सुटलेला. "मॅडम, तिकडून चालत आणलेला कागद इथं येईपर्यंत गार होतो. हा कागद कुणी आणलेला नाही. तो इथंच छापला गेला."

३

"पण मी तर केबिनमध्ये छापला होता!" आभा म्हणाली.

"तुम्ही केबिनमध्ये बसून छापला होता. तो निघाला कुठं, ते तुम्ही पाहिलंत का?"

आभानं पाहिलं नव्हतं.

मग अमोलला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, बोलणं लोण्यासारखं. आभा त्याच्यापुढे बसली खरी, पण तिची नजर टेबलावरून वर येईना. त्या कागदातली वाक्यं दोघांच्या मध्ये उभी होती, आणि आभा विषय पटकन प्रिंटरवर नेऊन मोकळी झाली.

"कागद तुझ्या हातात कसा आला?"

"धोंडामावशीनं दिला, मॅडम. मी काही शोधायला गेलो नव्हतो."

"आणि सृष्टी आली होती का हॉलमध्ये?"

"आली होती की. स्लिपा दिल्या तिनं मला. हिरवा बेदाणा, दहा किलो. मी लगेच खोक्यांना लावून टाकल्या."

"मग त्या वेळी का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलं कुठं मला?" अमोल नम्रपणे म्हणाला. आभानं त्याला जायला सांगितलं, आणि तो निघून गेल्यावर तिला हायसं वाटलं.

इरानं सृष्टीला फोन लावला. आभा शेजारी बसलीय हे तिला सांगितलं नाही.

"स्लिपा कुठून घेतल्या होत्यास गं?"

"मॅडमच्या प्रिंटरमधून." रडून रडून बसलेला आवाज. "मला वाटलं, कुणी चुकून तिकडं छापल्या. म्हटलं देऊन येऊ, काम खोळंबायला नको. मॅडमना म्हणणार होते, खोक्यांवर बघा तरी एकदा. पण सगळे हसायला लागले. ताई, बाबा कालपासून माझ्याशी बोलले नाहीयेत."

आभा खिडकीशी जाऊन उभी राहिली. सृष्टीला फक्त 'दाखव' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? खोकी तिथंच, दहा पावलांवर पडलेली होती.

"म्हणजे बघा," इरा बोटांवर मोजत म्हणाली. "तुमचा कागद हॉलमध्ये निघाला आणि हॉलच्या स्लिपा तुमच्याकडे. एकाच सकाळी, दोन्ही उलटे. दुपारनंतर, मावशी म्हणतात, पुन्हा सरळ. त्या दुपारी काय झालं होतं?"

"लाइट गेली होती. थोडा वेळच."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी काय असणार? दसऱ्याची सुट्टी. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा."

इरा खुर्चीतून उठलीच. "पूजा कुणी केली?"

४

खंडेनवमीला या कारखान्यात झाडून सगळी यंत्रं बंद करतात, पुसतात, हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालतात आणि मग एकेक करून चालू करतात. एकदा पुजून चालू केलेलं यंत्र दसऱ्याच्या सुट्टीत बंद करायचं नाही, हा शेठच्या वडिलांपासूनचा दंडक. पूजेची मांडामांड फिटर निवृत्तीकडे. माणूस भाविक, त्यामुळे वजनकाट्यापासून ते भिंतीवरच्या राउटरपर्यंत कुणीही त्याच्या कुंकवातून सुटत नाही.

"दरसाली हापिसातून सुरवात असती," निवृत्ती म्हणाला. "शेठच्या हातनं. मंग हॉल. औंदा शेठ मुंबईहून येताना घोटीला ट्राफिकमधी आडकले. येळ टळून चाललेली. मंग म्या म्हनलं, देव काय हापिस न् हॉल बघत नाय. राउटर पुजला, हॉल पुजला, समदं चालू केलं. हापिस शेठ आल्यावर पुजलं."

"झकास!" इरा म्हणाली. "निवृत्तीमामा, परत पूजा करायची. कुंकू नको, नुसती यंत्रं बंद करायची आणि त्याच क्रमानं चालू करायची."

"दिवाळीचा माल..." शेठ कळवळले. पण तोवर निवृत्तीनं खटके खाली ओढले होते.

आधी राउटर चालू केला. मग हॉलचा प्रिंटर. चहा पिऊन होईपर्यंत थांबून मग केबिनचा प्रिंटर. इरानं आभाला तिच्या खुर्चीत बसवलं. "छापा एक कोरा कागद."

आभानं बटण दाबलं. शेजारचा प्रिंटर ढिम्म. हलला नाही की दिवा लुकलुकला नाही. पटांगणापलीकडून धोंडाबाईची हाक आली, "ताई, निघाला वं हिकडं! कोराच हाय!"

आभा तशीच उठून दारात आली.

"ही भानगड पत्त्याची," इरानं शेठना समजावून सांगितलं. "प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो, खोलीच्या नंबरासारखा. तो दोन तऱ्हांनी देता येतो. एक कायमचा, एक ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिक म्हणजे भक्तनिवासातल्यासारखं. जो आधी दारात उभा राहील त्याला पहिली रिकामी खोली. आणि तुमचा राउटर स्वस्तातला. बंद केला, की काल कोण कुठं राहत होतं ते सगळं विसरतो."

"बरं, मग?"

"मग मॅडमच्या कॉम्प्युटरला एवढंच ठाऊक, की कागद वीस नंबरला टाकायचा, आणि हॉलच्याला, की स्लिपा एकवीसला. वीस नंबरवर आज कोण राहतंय, ते तो बघत नाही. एरवी लाइट जाते-येते, तेव्हा ऑफिस इन्व्हर्टरवर असतं, राउटर मात्र नसतो. मॅडमचा प्रिंटर जागाच असतो, हॉलचा उठेपर्यंत तो वीस नंबर पटकावतो. म्हणून इतके दिवस सगळं सुरळीत चाललं. खंडेनवमीला हॉलचा प्रिंटर आधी उठला आणि वीस नंबरवर जाऊन बसला. मॅडमच्या प्रिंटरला एकवीस मिळाला. म्हणून हॉलच्या स्लिपा इकडं, मॅडमचा कागद तिकडं. दुपारी लाइट गेली, परत जागच्या जागी."

"मग करायचं काय?"

"मोबाइल, लॅपटॉप, आला-गेला पाहुणा, त्यांना ऑटोमॅटिकच ठेवा. प्रत्येकाला नंबर कोण वाटत बसणार? पण प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचं मशीन ही घरची मंडळी. त्यांना कायमचा नंबर द्यायचा, आणि तोही राउटर पाहुण्यांना वाटतो त्या नंबरांच्या बाहेरचा, म्हणजे खोलीवरून मारामारी नाही. नवा राउटर बसवला तेव्हा हे कुणी विचारलं नव्हतं का?"

विचारलं होतं. पावसाळ्यात विजेनं जुना राउटर जळाला, तेव्हा बसवायला आलेल्या माणसानं केबिनच्या दारात उभं राहून विचारलं होतं. मॅडम, प्रिंटरला फिक्स करू का? थोडा वेळ लागेल. आणि आभा फोनवर बोलता बोलता म्हणाली होती, सगळं ऑटोमॅटिक करून टाका हो, मला कटकट नको.

तिनं हे इराला सांगितलं. म्हणजे कागद छापला तिनं, पत्ता मोकळा सोडला तिनं, तो निघेपर्यंत जागेवर थांबली नाही तीच. गुन्हेगार शोधायला माणूस बोलावलं, आणि त्या माणसानं बोट दाखवलं ते बोलावणारीकडे!

"रिपोर्टमध्ये काय लिहू?" इरानं विचारलं. "यंत्रातला बिघाड म्हटलं, तरी अगदीच खोटं नाही."

"बिघाडच तो!" शेठ खूश होऊन म्हणाले. "पोरीला कामावर बोलवा, झालं गेलं गंगेला मिळालं."

५

सृष्टी काही आली नाही. आभा तिच्या घरी गेली, तेव्हा वडिलांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. सृष्टी म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला हॉलमध्ये बोललात. इथं माफी मागून काय होणार?"

खरं होतं. दुसऱ्या दिवशी आभा हॉलमध्ये गेली. पट्टा चालू होता, बेदाणा सरकत होता. कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना. एवढ्या बायका एकदम तिच्याकडे बघत होत्या. तेव्हा अमोलनं पुढं होऊन पट्टा बंद केला आणि दरडावलं, "ए, गप बसा गं! मॅडम बोलतायत." आभानं त्याच्याकडे आभारानं पाहिलं.

मग ती बोलली. सृष्टीनं काही केलं नाही, ती खरं बोलत होती, चूक माझी होती, मी तिच्यावर नाही तो आळ घेतला. कुणी हसलं नाही. धोंडाबाईनं डोळे पुसले. आभाच्या निरोपावरून वडिलांबरोबर आलेली सृष्टी दाराशी उभी होती. ती ऑफिसात आपल्या जागेवर जाऊन बसली. आभाला वाटलं, संपलं एकदाचं. आता फक्त कुसाबाई.

कुसाबाई दिंडोरीच्या बाजूला एका द्राक्षबागेत कामाला लागली होती. छाटणी झालेली, नवी फूट यावी म्हणून काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावायचं काम चाललेलं. ओळीओळीतून बायका बोटं रंगवून फिरत होत्या. हॉलमधल्या माफीच्या दुसऱ्या दिवशी आभा ढेकळांतून चपला सांभाळत तिच्यापर्यंत पोचली, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. राउटर, वीस नंबर, पूजा, ऑटोमॅटिक. "चूक माझी होती, कुसाबाई. मी शब्द दिला होता आणि माझ्या हलगर्जीपणानं तो मोडला. आता सगळे नंबर कायमचे करून घेतलेत. असं पुन्हा होणार नाही. तुम्ही परत या."

कुसाबाईचा हात थांबला नव्हता. काडीच्या एका डोळ्याला पेस्ट लावली, दुसऱ्याला लावली.

"सृष्टीचं बरं केलं," ती म्हणाली. "पोर चांगली हाय. म्या त्याच दिशी म्हनलं व्हतं आमच्या घरात, त्या पोरीचं काम नाय हे."

"हो."

"मशीनीचं बी समजलं. कागद कुठून निघाला त्ये गावलं तुमाला."

"हो."

"आन त्यात काय लिवलं व्हतं?"

आभाला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला.

"तुमी धोंडीला इचारलं, निवृत्तीला इचारलं, नाशकाहून मान्सं आनली. लय शोध केला. त्याला काय इचारलं?"

त्याला विचारलं होतं, कागद तुझ्या हातात कसा आला. एवढंच. कोल्ड रूमचं दार का लोटून घेतोस, हे नाही. तो कागद भर हॉलमध्ये हेल काढून का वाचलास, हेही नाही. त्यानं काल बायकांची हजेरी घेतली होती, आज घेतली होती. आणि आपण काल त्याच्याकडे आभारानं पाहिलं, हे आठवल्यावर आभाला तिथं त्या बायकांच्या ओळीत तोंड लपवावंसं वाटलं.

"कुसाबाई, मी... चौकशी आजच सुरू करते. आत्ता. तुम्ही मला पुन्हा एकदा सगळं सांगाल? पहिल्यापासून?"

कुसाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात, आणि तेच आभाला सोसवेना.

"म्या तुमाला एकदा सांगितलं, मॅडम. मंग त्यानं समद्यांला वाचून दावलं. आता पुन्यांदा माज्या तोंडून कशापायी? आता त्याला इचारा."

एवढं बोलून ती पुढच्या वेलीकडे सरकली. आभा ढेकळांत उभी राहिली आणि तिनं रंगनाथशेठना फोन लावला. शेठ म्हणाले, दिवाळी होऊ द्या मॅडम, मग बघू. आभा म्हणाली, नाही, आज. हे ती जरा मोठ्यानंच म्हणाली. पण कुसाबाई तोवर बरीच पुढं गेली होती, आणि तिनं मागं वळून पाहिलं नाही.